स्वस्त चिनी रेड वाइन चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने मी चार वर्षं चीनमधल्या तियानजिन शहरात राहिलो. कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी रेड वाइन तेव्हा बऱ्याच संध्याकाळी चाखली आणि प्रत्येक बाटलीबद्दल वहीत चार ओळी लिहून ठेवल्या. आता शिकायला, व्यापाराला किंवा नोकरीला चीनमध्ये निघालेली मराठी मंडळी तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. इथे 'स्वस्त' म्हणजे 100 युआनच्या आतली बाटली, आपल्या हिशेबात साधारण 1200 रुपयांपर्यंतची.

चीनमध्ये द्राक्षाची वाइन खरंच होते? तिथे तर तांदळाची आणि ज्वारीची दारू पितात ना?

ज्वारीची बायज्यू आणि तांदळाची पिवळी दारू हीच तिथली घरची पेयं, यात शंका नाही. पण द्राक्षाची वाइनही कालपरवाची नाही. आग्नेय आशियात व्यापार करून श्रीमंत झालेल्या चांग पिश या चिनी उद्योजकाने 1892 साली शांडोंग प्रांतातल्या यानताय बंदरात 'चांगयू' कंपनी काढली. वेली युरोपातून जहाजाने आणल्या, वाइन करायला ऑस्ट्रियाचा माणूस नेमला. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात या कंपनीने सुवर्णपदकं मिळवली. पुढे 1980 मध्ये तियानजिनला एका फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत 'डायनेस्टी' सुरू झाली. चांगयू, डायनेस्टी आणि सरकारी मालकीची 'ग्रेट वॉल' ही तीन नावं आजही कुठल्याही चिनी सुपरमार्केटच्या फळीवर दिसतात.

दुकानात शंभर बाटल्या मांडलेल्या असतात. चिनी वाचता येत नसेल तर निवडायची कशी?

बाटली फिरवा आणि मागचं लेबल बघा. पुढच्या बाजूला युरोपी किल्ला, सोनेरी पदकं, फ्रेंच वाटणारं नाव असं काहीही असू शकतं आणि त्यातून आत काय आहे ते कळत नाही. बाटलीच्या वजनावरूनही कळत नाही. जड काच, खाली खोल खड्डा, लाकडी खोका हा सगळा भेटवस्तूंच्या बाजाराचा थाट. त्याचे पैसे तुम्ही देता आणि तेवढे वाइनमधून कमी होतात.

मागच्या लेबलवर फोनचा भाषांतर करणारा कॅमेरा धरा. सगळ्यात आधी घटकपदार्थांची ओळ शोधायची. द्राक्षाचा रस आणि सल्फर डायऑक्साइड (किंवा त्याचाच एखादा क्षार) एवढंच असेल तर ती वाइन आहे. पाणी, साखर, खाण्याचा रंग, सुगंधी अर्क असं काही दिसलं तर बाटली परत फळीवर ठेवा. 'पाणी' या अर्थाचं चिनी अक्षर ओळखायला सोपं आहे: मध्ये एक उभी दांडी आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. मी तियानजिनमध्ये चिनी लिपीतलं हेच अक्षर सर्वांत आधी शिकलो, आणि त्याचं कारण एक बाटली होती. नव्या वर्षाच्या सणात एका दुकानातून लाल मखमली खोक्यातली देखणी जोडी घेतली, घरी पाहुण्यांसमोर उघडली, तर आत रंगीत साखरपाणी आणि थोडी दारू. लेबलवर सगळं प्रामाणिकपणे छापलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

त्यानंतर प्रकार बघायचा. 'गान होंग' म्हणजे ड्राय रेड. लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर असेल तर चिनी मानकानुसार 'गान' म्हणता येतं. त्याच्या वर 12 ग्रॅमपर्यंत 'बान गान', म्हणजे अर्धी ड्राय. 45 च्या वर गेली की सरळ गोड वाइन. पहिल्यांदा चाखणार असाल तर गान होंगच घ्या, कारण गोडव्याखाली दोष लपतात.

शेवटी साल. लेबलवर द्राक्षतोडीचं साल, जात किंवा प्रदेश लिहिला असेल तर त्यालाही नियम आहे: त्या सालाची वाइन किमान 80 टक्के, त्या जातीची 75 टक्के, त्या प्रदेशाची 80 टक्के. एक गोंधळ मात्र नेहमी होतो. बाटलीवर उत्पादनाची म्हणून जी तारीख छापलेली असते ती बाटली भरल्याची असते, द्राक्षं तोडल्याची नव्हे. स्वस्त वाइनमध्ये ही भरल्याची तारीख जास्त कामाची, कारण बाटली किती दिवस फळीवर उभी आहे ते तिच्यावरून समजतं.

'ड्राय' म्हणजे तोंड कोरडं पडतं ती का?

नाही. ड्राय म्हणजे साखर जवळजवळ नाही. तोंड ओढल्यासारखं होतं ते टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणाऱ्या द्रव्यामुळे, आणि त्यासाठी आपल्याकडे लहानपणापासूनचा शब्द आहे: तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, तेच. एखादी वाइन ड्राय असूनही मुळीच तुरट नसेल आणि गोड वाइन भरपूर तुरट असेल, असंही होतं.

पहिल्याच घोटाला ढोबळी मिरचीचा वास आला. वाइन खराब आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो. वाइन खराब नाही. तो हिरवट वास द्राक्षातलाच आहे. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि तिच्या नात्यातल्या द्राक्षांमध्ये पायराझिन नावाची संयुगं असतात. ढोबळी मिरचीला जो वास येतो तोही याच संयुगांचा. फळ वेलीवर उन्हात पिकत जातं तशी ती कमी होतात. फळ लवकर तोडलं की राहून जातात.

चीनमध्ये हा वास जास्त का, याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण द्राक्षाची जात. कॅबर्ने सोव्हिन्यों तर सगळीकडे आहेच, पण तिथे आणखी एक जुनी जात आहे, जिच्या चिनी नावाचा शब्दशः अर्थ 'साप-ड्रॅगन-मोती' असा होतो. रोमन लिपीतल्या लेबलांवर तिला कॅबर्ने गेर्निश्ट म्हणतात. ती बरीच वर्षं चीनची स्वतंत्र जात समजली गेली. जनुकीय तपासणीत मात्र ती कारमेनेर निघाली, म्हणजे मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची आणि आज चिलीत गाजणारी जात. कारमेनेर उशिरा पिकते आणि पायराझिन तिच्यात भरपूर असतं. चांगयूची 1931 पासूनची 'नोबल ड्रॅगन' याच द्राक्षावर उभी आहे.

दुसरं कारण पाऊस. यानताय समुद्रकाठी आहे. हिवाळा तिथे तुलनेने सौम्य, पण जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कोसळतो, नेमका घड भरत असताना. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मणी तडकतील, बुरशी येईल, घड कुजतील या धास्तीने शेतकरी फळ आधी उतरवतो. भाव वजनावर मिळत असेल तर वेलीवर घडही जास्त ठेवतो. मग रस पातळ आणि हिरवट. स्वस्त बाटलीत जे चाखायला मिळतं ते या दोन निर्णयांचं फळ असतं, आणि त्या शेतकऱ्याच्या जागी आपण असतो तर तेच केलं असतं.

मला हा वास, थोडा असला तर, आवडतो. तो स्वच्छ असावा, ताज्या कापलेल्या ढोबळीसारखा. शिजून काळवंडलेल्या पालेभाजीसारखा येत असेल तर मात्र ती बाटली मीही बाजूला ठेवतो.

मग चाखायची कशी? मला ते पुस्तकी शब्द येत नाहीत.

ते येण्याची गरज नाही. आपल्या जिभेला सहा रसांचं शिक्षण स्वयंपाकघरातच मिळालेलं असतं. ज्या भाषेत तुरट, आंबूस, हिरवट, कुबट, पांचट आणि उग्र असे नेमके शब्द आहेत, त्या भाषेच्या माणसाने काळ्या मनुकांचा आणि देवदारी पेटीचा वास शोधत बसू नये. ज्या वस्तूंचा वास कधी घेतला नाही त्यांची नावं घेऊन काय साधणार?

मी असं करतो. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड युरोपातल्या घरांसाठी होता. शांघायच्या जुलैत किंवा पुण्याच्या एप्रिलमध्ये खोलीचं तापमान 32 अंश असतं, आणि तेवढ्या उबेत स्वस्त वाइनमधलं अल्कोहोल नाकात चढतं, बाकी काही कळत नाही. 15-16 अंशांवर तीच वाइन सावरते. पातळ काचेचा, तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्यायचा, तिसरा हिस्सा भरायचा. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कड बघा. कडेला रंग पाण्यासारखा विरत असेल तर रस पातळ आहे. कड विटकरी झाली असेल आणि साल तीन-चार वर्षांपूर्वीचंच असेल तर बाटली उन्हात किंवा उबेत राहिली आहे. मग न हलवता वास घ्या, ग्लास फिरवून पुन्हा घ्या. घोट तोंडात दोन-तीन सेकंद धरून ठेवा आणि स्वतःला चार गोष्टी विचारा. आंबट किती? तोंडाला पाणी सुटतं तेवढा आंबटपणा हवा, दात आंबतील इतका नको. तुरट कुठे लागतं? हिरड्यांवर खरखरत असेल तर द्राक्ष कच्चं होतं. जिभेवर मऊ पसरत असेल तर पिकलेलं. मधोमध काही आहे की पांचट? स्वस्त चिनी वाइनचं खरं दुखणं हेच: सुरुवातीला वास, शेवटी तुरटपणा आणि मध्ये पोकळी. चौथी गोष्ट, गिळल्यावर चव किती वेळ राहते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजता आलं तर त्या किमतीत बाटली चांगली निघाली समजा.

सुरुवातीला दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखा, एक शांडोंगची आणि एक वायव्य चीनमधल्या निंगशियाची. एकटी बाटली फारसं बोलत नाही. दोन असल्या की फरक लगेच जिभेवर येतो.

निंगशिया, शिनजियांग, हेबेई, युन्नान... प्रदेशाने एवढा फरक पडतो?

खूप, आणि सगळ्यात जास्त निंगशियात. पीत नदी आणि हेलान पर्वत यांच्यामध्ये, साधारण 1100 मीटर उंचीवर, वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडणारी ही पट्टी आहे. आपल्या माणदेशातसुद्धा यापेक्षा जास्त पडतो. पाणी नदीच्या कालव्यांतून येतं, ऊन भरपूर, त्यामुळे फळ कुजण्याची भीती कमी आणि पिकायला वेळ मिळतो. 'हेलान छिंगशुए' या छोट्या वाइनरीच्या 2009 च्या 'जिया बेई लान' या रेडला 2011 मध्ये लंडनच्या 'डिकँटर' या वाइन-मासिकाच्या स्पर्धेत तिच्या गटातला आंतरराष्ट्रीय चषक मिळाला आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं.

पण तिथला हिवाळा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला छाटणी करून प्रत्येक वेल जमिनीवर आडवी करतात आणि मातीखाली पुरतात. एप्रिलमध्ये उकरून पुन्हा तारेवर बांधतात. दर वर्षी, एकेक वेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी अशा दोन छाटण्या करून आपण वेलीला झोपूच देत नाही, आणि तिकडे सहा महिने अंथरूण घालून निजवावं लागतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेताच्या बांधावर बराच वेळ उभा होतो. त्या मजुरीचा खर्च बाटलीत येतो, म्हणून खरी निंगशियाची वाइन 30 युआनला मिळणं कठीण. 70 ते 100 युआनच्या टप्प्यात मात्र माझी पहिली पसंती तिलाच.

शिनजियांगची वाइन पिकलेली, जरा मोरांब्याकडे झुकणारी, आंबटपणा कमी. तिथला बराच माल टँकरने पूर्वेकडच्या कारखान्यांत जाऊन दुसऱ्या नावाच्या बाटलीत भरला जातो. हेबेई बीजिंगच्या शेजारी, ग्रेट वॉलचं माहेर. युन्नान अगदी निराळं, उंच डोंगरांतलं, पण तिथली स्वस्त बाटली बाहेर फारशी दिसत नाही. ईशान्येला जीलिन प्रांतात तोंगह्वाची रानद्राक्षाची गोड लाल वाइन होते. ती वेल थंडीला दाद देत नाही आणि फळ भलतंच आंबट, म्हणून गोडवा लागतोच. तिला रेड वाइन म्हणून नव्हे, कोकम सरबताच्या नात्यातलं काहीतरी म्हणून चाखा, म्हणजे आवडेल.

लेबलवर 'मार्सेलान' दिसलं तर?

घ्या. 1961 मध्ये फ्रान्समध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों आणि ग्रेनाश यांचा संकर करून तयार झालेली ही जात 2001 मध्ये हेबेईतल्या ह्वायलाय इथल्या चिनी-फ्रेंच प्रायोगिक मळ्यात आली आणि चीनमध्ये रमली. रंग गडद, तुरटपणा मऊ, हिरवटपणा कमी. नवख्या माणसाला मी आधी हीच देतो.

चिनी लोक रेड वाइनमध्ये स्प्राइट घालतात हे खरं का?

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं ही पद्धत सर्रास होती. आता शहरांत कमी दिसते. तिची टिंगल करणाऱ्यांनी तेव्हाची वाइन चाखलेली नसते. त्या काळी चीनमध्ये निम्माच द्राक्षरस असलेल्या पेयालाही वाइन म्हणून विकायची मुभा होती. ती 2004 मध्ये पूर्ण बंद झाली. आंबट, तुरट आणि पातळ अशा त्या पेयात गोड सोडा घालणं हा शहाणपणाचाच उपाय होता. मी स्वतः चाखताना घालत नाही, पण उन्हाळ्यात उरलेल्या बाटलीत बर्फ आणि लिंबू घालून घेतलेलं आहे.

जेवणावळीत 'गानबेई' म्हणत पूर्ण ग्लास रिकामा करायला लावतात. तिथे चाखणार कसं?

तिथे चाखायचं नसतं, माणसं जोडायची असतात. ग्लास भिडवताना वडीलधाऱ्यांच्या ग्लासापेक्षा आपला ग्लास जरा खाली धरा, हा तिथला मान. तुमच्या ग्लासात थोडीच ओतली असेल याकडे लक्ष ठेवा. नको असेल तर 'स्वेई यी' म्हणा, म्हणजे ज्याच्या त्याच्या इच्छेप्रमाणे. कुणी वाईट मानत नाही. आणि गाडी चालवणार असाल तर एक घोटही नको: रक्तात 100 मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम अल्कोहोल आढळलं की कारवाई होते, 80 ला फौजदारी गुन्हा.

खराब झालेली बाटली कशी ओळखायची?

पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा असतो तसा कुबट वास आला तर बुचाचा दोष, ती बाटली गेली. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास आला तरी तेच. काडेपेटीच्या काडीसारखा वास मात्र सल्फरचा असतो, ग्लास फिरवून दहा मिनिटं थांबलं की उडून जातो. तळाशी लालसर खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टरिक आम्लाचे क्षार असतात.

बनावट वाइनची भीती किती बाळगावी?

डोळे उघडे ठेवण्याइतकी. डिसेंबर 2010 मध्ये हेबेईतल्या छांगली तालुक्यात काही कारखाने पाणी, साखर, रंग आणि अर्क मिसळून नामांकित लेबलं लावतात, हे चिनी सरकारी दूरचित्रवाणीनेच उघड केलं आणि कारखान्यांना टाळं लागलं. बनावटीचा धंदा महागड्या नावांवर जास्त चालतो. 50 युआनची बाटली मोठ्या सुपरमार्केटमधून घेतली तर धोका कमी. रस्त्यावर कुणी नामांकित फ्रेंच बाटली 80 युआनला देत असेल तर तिथून चालू पडा.

सोबत काय खावं?

तिकडे असाल तर जिरं लावून निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाच्या काड्या. चरबी तुरटपणाला गिळून टाकते आणि जिऱ्याला त्या हिरवट वासाशी सूत जमवता येतं. सोया सॉसमध्ये मंद शिजवलेलं डुकराचं मांसही छान.

मराठी स्वयंपाकातलं म्हणाल तर झणझणीत काही नको. तिखटाने अल्कोहोल आणखी जाळतं, तुरटपणा आणखी खरखरतो. तांबड्या रश्श्यासमोर ही बिचारी वाइन टिकत नाही. भाजलेल्या वांग्याचं भरीत, कमी तिखटाचं सुकं मटण हे चालतं. आणि पीठ पेरून केलेली ढोबळी मिरचीची भाजी. तियानजिनच्या भाड्याच्या घरात एका संध्याकाळी घरात दुसरं काही नव्हतं म्हणून ती केली आणि शेजारी यानतायची 45 युआनची बाटली उघडी होती. वाइनमधला हिरवटपणा भाजीत मिसळून गेला आणि मागे फळाची चव उरली, जी त्या बाटलीत असेल असं मला वाटलंही नव्हतं.

दोन-चार वर्षं ठेवली तर सुधारेल?

नाही. या किमतीची वाइन लगेच पिण्यासाठी केलेली असते. फळ आधी विरतं, तुरटपणा मागे राहतो.

भारतात आणता येईल का?

प्रवासी म्हणून 2 लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. आपल्याकडच्या दुकानांत ती शोधत बसू नका. चिनी वाइनवरचं, उपकर धरून 150 टक्क्यांच्या आसपास जाणारं सीमाशुल्क भरल्यावर स्वस्त बाटली स्वस्त उरत नाही. आणायच्याच असतील तर एक निंगशियाची मार्सेलान आणि एक यानतायची कॅबर्ने गेर्निश्ट आणा.

बाटली एका बैठकीत संपत नाही. उरलेल्या वाइनचं काय करू?

बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा, कधीकधी हिरवटपणा उतरलेला असतो आणि आदल्या दिवशीचं मत बदलावं लागतं. माझ्या वहीत अशा खाडाखोडी बऱ्याच आहेत. तिसऱ्या दिवसानंतर ती आंबूस व्हायला लागते. मग पातेल्यात ओतून संत्र्याची साल, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि चमचाभर गूळ घालून मंद आचेवर गरम करा, उकळू मात्र देऊ नका. तियानजिनच्या जानेवारीत, खिडकीबाहेर कालवा गोठलेला असताना, स्वस्त बाटलीचा यापेक्षा चांगला उपयोग मला सापडला नाही.